वरचा कप्पा

"अण्णा, हैबतीदादांच्या डब्याला मुंग्या लागल्यात."

हसन मुजावर दारात उभा होता. बोटांना खळ लागलेली, अंगावर कागदाचे कपटे. छापखान्यात बांधणीचं सगळं काम त्याच्याकडे होतं. मी ग्रहणांच्या पानाचं दुसरं प्रूफ तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "लागू देत."

"उघडून रिकामा करू? भाजीबिजी असेल आत. दोन दिवसांत वास मारेल."

मी चष्मा कपाळावर चढवला. "हसन, हैबतीच्या घरी सुतक आहे. तेरा दिवस त्या घरचं अन्न कुणी शिवायचं नसतं."

"पण अण्णा, शिजवलं तेव्हा वहिनी जित्या होत्या की."

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा मी चढवला. "पंचांग तू वाचतोस का मी?"

पलीकडे अक्षरांचे खिळे जुळवणारे दोघे फिसकन हसले. हसनही हसला आणि खळीच्या बादलीकडे परत गेला.

वाईला आमचा छापखाना होता. वर्षभर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं असं किडूकमिडूक. पण खरं काम पंचांगाचं. पाडव्याच्या आत ते गावोगावच्या दुकानांत पोचलं पाहिजे, म्हणून थंडीचे दिवस आम्हाला फार धावपळीचे. मी तिथला मुद्रितशोधक. वीस वर्षं पंचांगाचं प्रत्येक पान माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं, त्यातलंच एक पान सोयर-सुतकाचं. ते मला तोंडपाठ. छापखान्यातच काय, आळीतसुद्धा कुणाकडे काही झालं की माणसं मला विचारायला येत. मला ते आवडत असे. खोटं कशाला बोलू?

मागच्या बाजूला डब्याची खोली होती. एक जाळीचं कपाट, माठ, दोन सतरंज्या. दीडला सगळे तिथं जमायचे, डबे उघडायचे, एकमेकांत वाटावाटी व्हायची. आमच्या खोलीत कुणी एकट्यानं जेवायचं नाही आणि अन्न टाकायचं नाही, असा अलिखित दंडकच होता. मी सोवळ्यातला म्हणून माझं पान जरा बाजूला मांडत असे, पण हैबतीच्या डब्यातली लसणाची चटणी आली की बाजूचं पान हळूच मध्ये सरके. "अण्णा, चटनीला सवळं न्हाई व्हय?" असं तो दर खेपेला विचारायचा.

हैबती पिसाळ आमचा मुख्य जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून अक्षरांच्या ओळी लावायच्या. त्याच्या ओळीत चूक सापडणं म्हणजे माझा सण. पसरणीहून सायकलवर येई. पंचावन्नचा असेल. मुलगी लग्न होऊन कोरेगावला, घरी तो आणि यमुनाबाई. मी त्यांना दोन-तीनदा पाहिलं असेल. त्यांच्या हातचं मात्र रोज जेवलो.

त्या दिवसांत कृष्णाबाईचा, म्हणजे आमच्या नदीचा, महिनाभराचा उत्सव चालू होता. घाटावर मांडव, संध्याकाळी कीर्तन. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. बुवांच्या मागे झांज घेऊन उभं राहायला मिळालं की मला दुसरं काही सुचत नाही. त्या वर्षी निरगुडकरबुवा आले होते. काय त्यांचा गळा, काय ती उभं राहायची ढब! पहिल्या दिवशी ऐकून आलो आणि दुसऱ्या दिवशी हैबतीच्या मागे लागलो, "अरे, एकदा ऐक. जन्माचं सार्थक होईल." तो यायला तयार नव्हता. मी त्याला ओढून नेलं.

त्या संध्याकाळी बुवांनी उत्तररंगात नैवेद्याचं आख्यान लावलं होतं. एक म्हातारी रोज देवापुढं ताट ठेवते, देव काही जेवत नाही. ताट जसंच्या तसं, तरी देव तृप्त. पुजारी विचारतो, देवा, खाल्लंत काय? बुवा थांबले. झांजा थांबल्या. मग अगदी हळू म्हणाले, "देव अन्न खात नाही हो. तो वाट बघणं खातो."

माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारी हैबतीनं उपरण्यानं तोंड पुसलं. नंतर सगळ्यांना खिचडीचा प्रसाद होता, आम्ही पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाटावर महाप्रसाद होता. दीडला हैबतीनं आपला डबा कपाटातून काढलासुद्धा नाही. मी म्हटलं, "चल, आज प्रसादाला," आणि तो लगेच उठला. एरवी घरचा डबा सोडून कुठं न जाणारा माणूस, इतक्या चटकन कसा आला, हे माझ्या मनात आलं आणि गेलं. पंक्तीत तो कमी बोलला. परत येऊन हात पुसतोय तोवर दारात त्याचा पुतण्या सायकल टाकून उभा. जोतिराम, फौजेतला, सुट्टीवर आलेला.

"काका, चला. काकी खळ्यावर चक्कर येऊन पडल्यात."

त्याचा आवाज ऐकूनच आम्हाला कळलं. हैबतीला मात्र कळलं नाही. तो टोपी शोधत राहिला. टोपी डोक्यावरच होती.

यमुनाबाई गेल्या. हैबतीचा डबा कपाटात राहिला. जर्मन धातूचा, तीन कप्प्यांचा, पांढऱ्या फडक्यात बांधलेला.

हे आधी कळावं म्हणून सांगितलं. हसन मुंग्यांचं बोलला तो त्यानंतरचा तिसरा दिवस. तो गेल्यावर मी खोलीत जाऊन पाहिलं. भिंतीवरून तांबड्या मुंग्यांची बारीक रांग उतरत होती, जाळीतून आत शिरत होती आणि फडक्याच्या गाठीवरून थेट वरच्या कप्प्याच्या झाकणाखाली जात होती. मी डबा शिवलो नाही. खिळे धुवायचं रॉकेल होतं, त्याचा बोळा काठीला बांधून डब्याभोवती कपाटाच्या फळीवर फिरवला. मुंग्या पांगल्या. संध्याकाळी मला झांज धरायची होती. उत्सवात ओवळं व्हायचं नव्हतं. माझं सगळं लक्ष तिकडे होतं.

पाचव्या दिवशी जोतिराम आला. फाटकाबाहेरच उभा राहिला, सुतक म्हणून आत येईना. मी बाहेर गेलो.

"काकांनी धाडलंय. म्हनले, अण्णास्नी इचार, डब्यात काय हुतं."

"कसल्या डब्यात?"

"त्या दिशीच्या. इथंच ऱ्हायलाय न्हवं? म्हनले, उघडून बघा आन मला सांगा. वरच्या कप्प्यात काय हाय ते."

मला वाटलं, दुःखानं माणूस भांबावलाय. बायको गेली आणि हा डब्यातल्या भाजीची चौकशी करतोय. काहींना असं होतं. मोठं दुःख पेलत नाही, मग एखाद्या बारीकशा गोष्टीला धरून बसतात. मी जोतिरामच्या खांद्यावर हात ठेवणार होतो, पण सुतक आठवलं आणि हात मागे घेतला.

"त्याला म्हणावं, डब्याची काळजी करू नकोस. डबा आहे तसा आहे. कुणीही शिवलेलं नाही."

"उघडला न्हाई?"

"कसा उघडणार? तेरावं झाल्यावर तो स्वतःच येईल की."

जोतिरामनं मान हलवली. सायकल वळवली आणि पुन्हा थांबला. "काका जेवत न्हाईत, अण्णा. सारकं त्येच इचारत्यात."

"नामस्मरण करायला सांग," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. आज पंचेचाळीस वर्षांनंतरही ते शब्द मला तसेच्या तसे ऐकू येतात, माझ्याच तोंडून.

नवव्या-दहाव्या दिवशी वास सुटला. आधी आंबूस, मग नुसता घाण. त्यात रॉकेल मिसळलेलं. माणसं डबे घेऊन ओसरीत जेवायला बसू लागली. कुणी माझ्याकडे पाहून नाक धरी, कुणी म्हणे, "अण्णांच्या पंचांगाला वास येतोय." मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो. तेराव्या दिवशी सकाळी मालक गोदामात जायला मागून गेले आणि तसेच तोंडाला रुमाल लावून बाहेर आले.

"खांबेटे, आत काय मेलंय?"

मी सांगितलं.

"तुमचं शास्त्र घरी! आत्ताच्या आत्ता ते बाहेर गेलं पाहिजे."

हसनला सांगावंच लागलं नाही. त्यानं तोंडाला फडकं बांधलं, डबा उचलला आणि मागच्या आवारात गेला. खड्डा खणला, ओतलं, बुजवलं. मग राख आणि चिंच घेऊन तासभर डबा घासत बसला. मी खिडकीतून पाहत होतो. त्यानं डबा उन्हात उपडा घातला, वाळल्यावर कपाटात ठेवला. फडकं टाकून द्यावं लागलं.

चौदाव्या दिवशी हैबती आला. डोकं भादरलेलं, मिशा काढलेल्या. चेहरा इतका लहान दिसत होता की क्षणभर ओळखूच आला नाही. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. तो थेट डब्याच्या खोलीत गेला. मी आणि हसन त्याच्या मागोमाग गेलो.

त्यानं कपाट उघडलं. लख्ख डबा पाहिला. हात लावला नाही.

"कुनी घासला?"

"मी, दादा," हसन म्हणाला.

"म्हंजी उघडला व्हता."

"काल उघडला."

"काय व्हतं?"

हसननं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"दादा, तेरा दिवसांचं अन्न. काय ओळखू येणार? सगळी काळी बुरशी. मी श्वास धरून ओतलं."

"आन वरच्या कप्प्यात?"

"तिन्ही एकदमच उपडे केले."

हैबती सतरंजीवर बसला. तो बोटांनी सतरंजीचे धागे ओढू लागला. मग माझ्याकडे पाहून बोलू लागला. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"अण्णा, त्या दिशी तुमचं कीर्तन ऐकून घरला ग्येलो. तिनं शेंगोळी केली व्हती. मला आवडत्यात म्हनून. चुलीपाशी बसली व्हती वाट बघत, स्वता न जेवता. मी म्हनलं, पोट भरलंय, परसाद झाला. वर तिला बुवांचं सांगाय लागलो. द्येव अन्न खात न्हाई, वाट बघनं खातो. तशी उसळली. म्हनली, 'आसं व्हय? मग त्येलाच म्हनावं, ये जेवायला. माझ्यापाशी लई साठलंय.'"

त्याला हसू आलं. ते हसू गालावरच थांबलं.

"मग वाढत ग्येलं. म्हनली, उद्यापास्नं कोरडी भाकर घालीन डब्यात. मी म्हनलं, तीबी घालू नगं, घाटावर जेवीन. सकाळी ती बोलली न्हाई, मी बोललो न्हाई. डबा उंबऱ्यावर ठिवला व्हता. मी उचलला आन आलो. रागातच व्हतो. म्हनून तर तुमच्यासंगं परसादाला आलो, अण्णा. उघडायचाच न्हाई म्हनलं आज तिचा डबा."

हसन त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"आमचं भांडान झालं की ती कधी आपनहून बोलायची न्हाई," हैबती म्हणाला. "तोंडानं न्हाईच. पर राग ग्येला असला तर डब्यात वरच्या कप्प्यात गुळाचा खडा ठिवायची. भाकरीवर. मी दुपारी उघडला, खडा दिसला, की समजायचं मिटलं. सांजच्याला घरी ग्येल्यावर जसं काय झालंच न्हाई. बत्तीस वरसं आसंच. कधी दोन दीस खडा नसायचा, कधी चार दीस. मग एक दिशी असायचा."

त्यानं सतरंजीचा निघालेला धागा बोटावर गुंडाळला.

"येवढंच बघायचं व्हतं. खडा व्हता का न्हवता. म्हनून जोत्याला धाडलं. तुम्ही म्हनला, कुनी शिवलं न्हाई. मला बरं वाटलं, अण्णा. म्हनलं, अण्णांनी जपून ठिवलाय."

खोलीत अजून थोडा वास होता. बाहेर यंत्र चालू झालं होतं, त्याच्या ठोक्यांबरोबर कपाटाची जाळी थरथरत होती. मला घाटावरची ती संध्याकाळ आठवली, माझे वाहणारे डोळे आठवले. त्याच वेळी पसरणीला एक बाई चुलीपाशी बसून होती.

आणि मग मला ते आठवलं.

"हैबती," मी म्हणालो, "डब्याला मुंग्या लागल्या होत्या."

त्यानं मान वर केली.

"तिसऱ्या दिवशी. हसननं सांगितलं. मी स्वतः पाहिल्या. वरच्या कप्प्यात जात होत्या. खालच्या दोन्हीकडे एकसुद्धा नाही. थेट वरच्या झाकणाखाली."

हैबतीचा श्वास मला ऐकू येत होता. शेतातला माणूस तो, त्याला घाई नव्हती. त्यानं हळू विचारलं, "काळ्या का तांबड्या?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"न्हाई म्हंजी, तांबड्या कशालाबी लागत्यात. कालवनाला, त्येलाला, मेलेल्या किड्याला. काळ्या गोडालाच येत्यात. काळ्या व्हत्या का, अण्णा?"

वीस वर्षं मी प्रूफं वाचत होतो. एक अनुस्वार चुकीचा जाऊ दिला नव्हता. पंचांगात एक घटका इकडची तिकडे झाली तर मला झोप येत नसे.

"काळ्या," मी म्हणालो.

"चांगल्या बगितल्या?"

"चांगल्या पाहिल्या. काळ्याच होत्या. हसन, तूही पाहिल्यास की."

हसन माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं हैबतीच्या पाठीवर हात ठेवला. "काळ्या होत्या, दादा. ही एवढी रांग."

हैबतीनं कपाटातून डबा काढला. वरचा कप्पा सुटा केला, त्यात पंजा पसरून ठेवला, जणू त्याचा तळ अजून कोमट असावा. मग कप्पा छातीशी धरून तो रडला. चौदा दिवसांत रडला नव्हता म्हणे. जोतिरामनं मला पुढे सांगितलं.

संध्याकाळी मी कीर्तनाला निघालो आणि घाटाच्या पहिल्या पायरीवरूनच परतलो. छापखान्याच्या ओसरीत हसन पानं शिवत बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. पुष्कळ वेळ सुई पानांतून आरपार जात राहिली.

"तांबड्या होत्या, अण्णा," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

त्यानं दोरा दातानं तोडला. "तांबड्याही लागतात गुळाला. आमच्या घरात लागतात."

"खरं सांगतोस?"

"सुतकाचं तुम्हाला कळतं, अण्णा. मुंग्यांचं मला कळतं."

तो खरं बोलत होता की मी हैबतीशी बोललो तसंच माझ्याशी बोलत होता, हे मला तेव्हा कळलं नाही. त्याला मी पुन्हा विचारलंही नाही. आता तर विचारायला तोही नाही.

दुसऱ्या दिवशी दीडला आम्ही पुन्हा खोलीत जेवायला बसलो. मी माझं पान मध्ये मांडलं. हैबतीनं आपला डबा उघडला. स्वतः थापलेली जाड, एका बाजूनं करपलेली भाकरी, बेसन. वरचा कप्पा त्यानं शेवटी उघडला. त्यात गुळाचा खडा होता.

"हे काय, दादा?" हसननं विचारलं.

"भांडान मिटलं," हैबती म्हणाला.

त्यानं खडा भाकरीवर ठेवून अंगठ्यानं दाबून फोडला. तीन तुकडे केले. एक हसनला दिला, एक माझ्यापुढे धरला. "घ्या, अण्णा. आता सुतक न्हाई."

मी तो जिभेवर ठेवला. हैबती माझ्याकडे पाहत होता, मी खातो की नाही ते. गूळ विरघळायला फार वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

हसननं आपल्या तुकड्यातला एक कण तोडला आणि उठून खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. परत येताना त्यानं मला डोळ्यांनी खूण केली, कुठल्या येतात बघा म्हणून.

मी खिडकीकडे पाठ करून बसलो.